मैनेने उचललेला आवाज

घरातली मैना भलतीच चलाख निघाली. कुलपात किल्ली फिरल्याचा हुबेहूब आवाज काढायची. “बाबा आले!” म्हणत लेक ताटावरून उठून पुस्तक उघडायची, आई झटकन टीव्ही बंद करायची, आणि मैना खुशाल ताटावर ताव मारायची. फसगत कळली की मायलेकी पोट धरून हसायच्या.

आज बाबा समोर बसलेले असताना मैना थेट आईच्या आवाजात खळखळून हसली.

“कोणाचं गं हे हसणं?” बाबांनी आईला विचारलं.

“शेजारच्या वहिनींचं,” ती कशीबशी म्हणाली.

 

“बघ, किती मोकळं हसतात त्या! नाहीतर तू. बारा वर्षांत एकदा तरी हसलीस का अशी?”