चौथा चार्जर

"काका, हा पण गेला," अमृत म्हणाला आणि चार्जर काउंटरवर ठेवला. "पिन आतून तुटलीय. तिसरा ना हा?"

"तिसरा," सहादेव म्हणाला.

काष्टीचा बाजार भरला होता. अमृतच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासमोर मेथीच्या जुड्यांचे ढीग लागले होते. सहादेवने लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला. लॅपटॉप जुना होता, मुलगी रुपालीने कॉलेजात वापरलेला. त्याची बॅटरी मेली होती. वायर जोडली तरच चालायचा. मूळ चार्जर जळाला आणि तसली पिन इकडे कुठे मिळेना. मग रुपाली राहुरीहून ऑनलाइन मागवायला लागली, परदेशातल्या कुठल्यातरी विक्रेत्याकडून. पार्सल यायला महिना लागायचा.

"पहिल्याची पिनच बसंना, दुसऱ्याचा लाईटच लागंना, आता ह्यो," अमृत म्हणाला. "समुद्रापलीकडून भंगार धाडत्यात राव. मी सांगतो ते ऐका. स्क्रू काढतो, आतली डिस्क काढतो, काकूंचे सगळे व्हिडिओ पेनड्राईव्हला टाकून देतो. तासाभराचं काम."

"नको. तिच्या वस्तूला पेचकस लावू नको."

"वस्तू रुपालीताईची हाय, काका."

सहादेवने तुटका चार्जर खिशात टाकला. पिशवी उचलून निघाला.

त्याची बायको चांगुणा गेली त्याच्या आधीची दोन वर्षं ती रोज दुपारी या लॅपटॉपसमोर बसायची. कुठलं बटण दाबायचं ते नातीने, सृष्टीने, दाखवलं होतं. हुलग्याची शेंगोळी कशी वळायची, मासवडी फुटू नये म्हणून काय करायचं, सगळं ती सृष्टीसाठी बोलून ठेवायची. मध्येच सासूच्या गोष्टी सांगायची आणि एकटीच हसायची.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. धाकटा भाऊ बजरंग हात जोडून म्हणाला, दादाला सांभाळतो. रुपाली म्हणाली, घर मोडू देणार नाही. कावळा बाभळीवरून हलला नाही. शेवटी सहादेव पुढे झाला. "तुझं बोलणं सृष्टीला पोचतं करीन," म्हणाला. कावळा लगेच उतरला.

बाजारातून तो घरी आला तेव्हा बजरंग ओट्यावर बसला होता.

"झाला का सुरू?"

"न्हाई."

"दादा, अरं शब्द दिलाय तू. कावळा त्याच्यावर शिवलाय. त्यो पुरा हुईस्तवर वैनीचा जीव ह्याच घराभवती घुटमळत ऱ्हानार. वर्षश्राद्धाच्या आत मोकळी कर तिला."

"चार्जर धड येत न्हाई, त्याला मी काय करू?"

"लोकं चंद्रावर यान उतरवत्यात आन् तुला एक चार्जर मिळंना!"

"तू जा की मग आणायला चंद्रावर."

बजरंग हसला. मग उठून चप्पल घालता घालता म्हणाला, "माझ्याकडं ऱ्हायला ये म्हनलं तर येत न्हाईस. एकटा काय करतो इथं?"

"बराय मी इथं," सहादेव म्हणाला.

चौथा चार्जर आला तेव्हा उसाला पाणी चालू होतं. कुरिअरवाला बांधावरच पाकीट देऊन गेला. सहादेवने पाण्याचं बारं तसंच सोडलं, घरी आला, हात धुतले. लॅपटॉप मधल्या खोलीत चटईवर ठेवून वायर जोडली.

दिवा लागला. पडदा उजळला. पिन घट्ट बसली होती, चार्जर तापतही नव्हता.

त्याने पहिलाच व्हिडिओ लावला. चांगुणा पिठाच्या हातांनी समोर बसलेली होती. बोलता बोलता थांबली आणि मागे वळून कावली, "आवं, मागनं जाऊ नका, त्यात दिसतंय!" मागून एक पांढरा सदरा घाईने बाजूला झाला. सहादेवने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पुन्हा पाहिला. मग लॅपटॉप बंद केला, फडक्याने पुसला, पिशवीत घालून कपाटात ठेवला.

रुपालीला फोन लावला.

"आप्पा, आला का? चालतोय ना? सृष्टी रोज विचारते."

"त्यो बी तसलाच निघाला गं."

"कसली माणसं आहेत ही! थांबा, आजच्या आज तक्रार करते. दुसरा पाठवायला लावते."

"लाव," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने पक्कड घेतली. चार्जरची पिन तिच्यात धरली आणि आतून कट्ट वाजेपर्यंत इकडून तिकडे वाकवली. पहिला तेवढा खरंच खराब आला होता. मग तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला.

"झालं," तो हळूच म्हणाला. "आता महिनाभर तरी तुला कुठं जाता यायचं न्हाई."