अठरा श्वास

"कागद राहू दे. माणूस दाखव," मोजणीबाई म्हणाल्या.

सिस्टरने पुढे केलेली फाईल हातातच राहिली. दर तीन महिन्यांनी वॉर्डाचं काम तपासायला येणाऱ्या या बाईंना सगळे मोजणीबाईच म्हणत. आजवर त्या तक्ते चाळायच्या, एकही रकाना रिकामा नाही हे बघायच्या आणि शंभरपैकी शंभर देऊन, चहा पिऊन जायच्या. आज मात्र त्या नऊ नंबरच्या पलंगापाशी थांबल्या.

"तुम्ही पाठवलेले तक्ते काल घरी बघत होते. चोवीस पेशंट आणि तीन दिवस सगळ्यांचे श्वास मिनिटाला अठरा. कुणाचे सतरा नाहीत, कुणाचे वीस नाहीत. माझ्या घशाखाली घास उतरेना. मोज बघू यांचे. घड्याळ मी बघते."

नऊ नंबरवर टेलरबाई होत्या. खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. उशाशी त्यांची लेक बसली होती.

"मोजमाप... घेताय?" टेलरबाई हसल्या. "ते तर... माझं काम."

दोन शब्द झाले की त्या थांबत होत्या. सिस्टरला ते थांबणं आत्ता ऐकू आलं. सकाळपासून ती या पलंगावरून चार वेळा गेली होती. अर्ध्या तासापूर्वी, दहा वाजता, इथेच उभं राहून तिने तक्त्यात अठरा लिहिलं होतं.

"कर सुरू."

सिस्टरने त्यांच्या गाऊनच्या दुसऱ्या गुंडीवर नजर रोवली. गुंडी वर गेली, खाली आली. एक. दोन. तीन. अठरा झाले तेव्हा तिने वर पाहिलं. मिनिट संपलं असेल असं तिला वाटलं होतं.

"अजून अर्धंही झालं नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "थांबू नकोस."

एकोणीस. वीस. तिशी ओलांडली तेव्हा वाटलं, आपणच चुकतोय, एकेक श्वास दोनदा मोजतोय. पण गुंडी थांबेना. टेलरबाईंच्या नाकपुड्या फुलत होत्या. गळ्याच्या खळीत कातडी आत ओढली जात होती. नखं जांभळट झाली होती. हे सगळं सकाळपासून इथेच, तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"बस. किती?"

"चाळीस."

"डॉक्टरांना बोलाव. पळ!"

डॉक्टर आले. ऑक्सिजनचा मास्क लागला. त्यांनी पलंगाच्या पायथ्याचा तक्ता उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दहाला अठरा होते? मग अर्ध्या तासात हे असं? सिस्टर, नीट ऐका. अचानक झालं असेल तर फुप्फुसात गुठळी गेली असणार, आधी त्यामागे लागावं लागेल. कालपासून हळूहळू चढत असेल तर हा जंतुसंसर्ग आहे, त्याचा इलाज वेगळा. दहाला अठरा होते का?"

मुख्य सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रकाना रिकामा सोडणाऱ्याने दुसरी नोकरी बघावी, हे त्यांनीच सगळ्यांना बजावलेलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. हो म्हण.

हो म्हणायला कितीसा वेळ लागणार होता?

"मोजले नव्हते," ती म्हणाली.

"सकाळी सहाचे?"

"ते कुणीच मोजत नाही, डॉक्टर."

"काल?"

"काल दुपारी मीच होते. अठरा लिहिलं. मोजले नाहीत."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते लेकीकडे वळले. "आईंना धाप कधीपासून लागतेय?"

"काल दुपारपासून. मी विचारलं होतं. तर हा कागद दाखवला मला, सगळं ठीक आहे म्हणून." लेक डॉक्टरांशी बोलत होती, पण बघत होती सिस्टरकडे. "तो कागद बघून मी काल घरी गेले, सिस्टर. शांत झोपले."

रक्त घेतलं गेलं, इंजेक्शन टोचलं, ट्रॉली आली. टेलरबाईंना आयसीयूत हलवलं. लेक ट्रॉलीचा दांडा धरून मागोमाग धावली.

पाऊण तासाने टेबलावरचा फोन वाजला. मुख्य सिस्टरनी तो घेतला, ऐकला आणि मागे न वळताच म्हणाल्या, "जंतुसंसर्गच आहे. उजवं फुप्फुस भरलंय. इंजेक्शन बरोबर लागू पडलं तर निभावेल म्हणतात."

"अहवालात माझं नाव लिहिणार तुम्ही?" सिस्टरने मोजणीबाईंना हळूच विचारलं.

"लिहीन. तीन महिन्यांपूर्वी मीच शंभर दिले होते, तेही लिहीन," मोजणीबाई म्हणाल्या. "पण ते नंतर. अजून तेवीसजण राहिलेत. चल."

दहा नंबरवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दोघी जवळ येताना दिसल्या तशी त्यांनी स्वतःच चादर खाली सारली, सदऱ्याची बटणं काढली आणि अंग आखडून उताणे पडून राहिले. छाती हलत नव्हती. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"आजोबा, सोडा श्वास. नेहमीसारखा घ्या," सिस्टर म्हणाली.

त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"किती यायला पाहिजेत, ते आधी सांगा," ते म्हणाले. "तेवढेच घेतो."