आधी तळं

“अहो, विटा येऊन पडल्यात आणि तुम्ही खड्डा कसला खणताय?” मी वैतागून ओरडलो.

पूर्व बंगालमधून आलेली ही निर्वासित माणसं वर्षानुवर्षं छावण्यांत राहिली होती. आता गडचिरोलीत त्यांना स्वतःची जमीन मिळाली होती आणि घरं बांधून घ्यायला सरकारनं मला पाठवलं होतं. परदेशी मदतीतून मिळालेले तंबू उसवून त्याच कापडात माती भरून ती हसत-खिदळत ओढत होती.

“तळं करतोय, साहेब. मासे सोडायला,” निरोदा म्हातारी म्हणाली.

“आधी घरं बांधा की!”

“घरं खूप बांधली हो, छावणी-छावणीत. इथून उठा म्हणाले, की तंबू गुंडाळून डोक्यावर घ्यायचा.” ती खड्ड्याकडे बघून खुदकन हसली. “हे कसं घेणार डोक्यावर?”

मी चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरलो.