रेव्हरंड खंडाळ्यांचा शेवटचा उपदेश

पायल झोपली तशी उर्वशीनं गठ्ठा सोडला आणि आधी टाचण्या काढल्या. सव्वाशे वर्षांच्या गंजक्या टाचण्या. रांगत्या पोरीच्या घरात त्यातली एकही खाली पडून चालणार नव्हती. ती एकेक डब्यात टाकी, झाकण लावी आणि लागलं ना म्हणून पुन्हा दाबून बघी.

कागद रेव्हरंड एलिया खंडाळे यांचे होते. एकोणिसाव्या शतकात ते नागपूरच्या एका कॉलेजात प्रोफेसर होते. सुट्ट्या लागल्या की बैलगाडी जुंपून पांढरकवड्याकडच्या गावांत उपदेश करत फिरायचे. उपदेश, पत्रं, प्रवासाची टिपणं, सगळं त्यांनी मोडीत लिहून ठेवलं होतं.

आणि गावंडे सरांना मोडी वाचता येत नव्हती.

हे फक्त उर्वशीला ठाऊक होतं. खंडाळ्यांचे अभ्यासक म्हणून डॉ. मारोतराव गावंडे विदर्भभर मिरवत. पहिल्या खंडाची तीनशे पानं त्यांच्या या विद्यार्थिनीनं देवनागरीत उतरवून दिली होती. सातवा महिना लागला तेव्हा पोट टेबलाला टेकत होतं, तरी तिचा हात थांबला नव्हता. पुस्तकावर छापून आलं, ‘मोडी लिप्यंतर : डॉ. मारोतराव गावंडे’. आभारांच्या यादीत झेरॉक्सवाल्या रूपसिंगच्या खाली तिचं नाव होतं. पुढे यवतमाळच्या कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं, तुमच्या नावावर छापलेलं काय आहे? ‘काही नाही’ असं सांगून ती जीपमध्ये बसून दारव्ह्याला घरी परत आली.

आता दुसऱ्या खंडाचा गठ्ठाही सरांनी तिच्याकडेच धाडला. नवरा, धम्मदीप, दारात उभा राहून तो बघत होता.

"एकदा नागवलं ना त्यायनं तुले. पुन्हा काहून घेतलं?"

"या वेळी पुरतं देतो त्यायले," उर्वशी म्हणाली.

पुस्तकाची मांडणी तिला पाठ होती. डाव्या पानावर मूळ मोडी कागदाचा फोटो, उजव्या पानावर देवनागरी. तिनं एकशे चौदावं पान निवडलं. खंडाळ्यांनी तिथं बैलाच्या खुराला जखम झाली तर काय लावावं ते लिहिलं होतं. हळद, जवसाचं तेल, कडुनिंबाचा पाला. देवनागरीत त्याच्या जागी तिनं स्वतःच रचलेला एक उपदेश लिहिला. पायल झोपे तेवढाच वेळ मिळे, त्यामुळे अकरा दुपारी गेल्या. खंडाळ्यांची भाषा तिच्या हाताला बसलीच होती.

‘जो गुरू शिष्याचे श्रम आपले म्हणून मिरवितो, तो देवाच्या मंदिरात उभा राहून चोरी करितो. त्या शिष्याच्या घरी कोण उपाशी निजले, हे मी कधी पुसले नाही. प्रभो, मजवर दया कर.’

मोडी जाणणारा पहिलाच माणूस दोन्ही पानं बघेल. डावीकडे बैलाचा खूर, उजवीकडे देवाचा धावा. मग तो लिप्यंतर करणाऱ्याला जाब विचारील. एवढ्या वर्षांचं नाव एका पानात जाईल. ज्यानं तिचं नाव खाल्लं त्याचं नाव तिला असंच चारचौघांत गेलेलं पाहायचं होतं.

सरांनी प्रुफं दाखवली नाहीत. तिनंही मागितली नाहीत.

सहा महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, गावंडे सर स्वतःच घरी आले. वाळले होते. कागदात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. पायल आता चालायला लागली होती. ती त्यांच्या गुडघ्याशी गेली तसं उर्वशीनं तिला मागं ओढून घेतलं. सासूनं, तुळसाबाईनं, चहा आणला. सर पुस्तकाकडेच बघत बसले तशी म्हणाली, "प्या ना सर. पुस्तकाले काय पाय फुटून राह्यले?"

सर कसनुसं हसले. मग म्हणाले, "तो एकशे चौदाचा उपदेश. मी चारदा वाचला, उर्वशी."

तिनं चेहरा हलू दिला नाही. "चांगला आहे, सर."

"चांगला? दोन दिवस घास उतरला नाही मले."

चारदा वाचूनही हा खंडाळ्यांचा नाही हे कळलं नाही ते नाहीच, उर्वशीच्या मनात आलं. तिला हवं होतं ते तिनं विचारलं. "प्रती गेल्या काय?"

"पन्नास गेल्या. मोडीवाल्यांना आधी. पुण्याला, नागपूरला. अन् यवतमाळच्या त्या जागेची पुन्हा जाहिरात निघाली आहे ना, त्या कमिटीतल्या साऱ्यांना एकेक."

तिथंही मिरवायचं असेल. मिरवा म्हणावं, सगळ्यांनीच बघू दे.

सरांनी अर्धा कप तसाच ठेवला. तिच्याकडे न बघता हात जोडले आणि बसस्टँडच्या वाटेला लागले.

पायलला सासूच्या मांडीवर देऊन तिनं आधी एकशे चौदावं पान काढलं. डावीकडे बैलाचं औषध इतकं स्वच्छ छापलं होतं की नवशिक्यालाही वाचता यावं. उजवीकडे तिचा उपदेश, एक स्वल्पविरामही न हलवलेला. ती हसली. तुळसाबाईनं मान वर करून बघितलं, इतक्या दिवसांत सून अशी हसली नव्हती.

मग तिनं गावंड्यांचं नाव डोळे भरून बघावं म्हणून पहिलं पान उलटलं. त्या पानावर नाव एकच होतं. ‘मोडी लिप्यंतर आणि संपादन : उर्वशी धम्मदीप मुनेश्वर.’