टायरच्या चपला

पारनेरच्या कॉम्प्युटर क्लासात चपला दाराबाहेर काढाव्या लागत. पंकजने तिथल्या एका मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टिम बसवली, त्याच दुपारी वडील डबा घेऊन आले.

"कोण रे हे?" माधुरी मॅडमनी विचारलं.

"आमचा गडी," पंकज म्हणाला.

वडिलांनी डबा ठेवला, टायरच्या चपला पायांत सरकवल्या. "येतो, मालक," म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून मशीन सुरू करताना विंडोज निवडलं, की दाराबाहेर मुलांच्याच चपला असत. लिनक्स निवडलं, की त्यांत तो टायरचा जोड दिसे, चिखलाने ओला. घरी वडील नेहमीसारखेच वागत. पंकजला त्यांच्या पायांकडे बघवत नसे.

आज मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर लिनक्स सुरू करून दाखवायला सांगितलं. त्याने केलं. मॅडमची नजर दाराकडे गेली.

"ह्या कुणाच्या रे?"

"माहीत नाही, मॅडम." त्याने मान वर केली नाही.

घाईघाईने त्याने मशीन पुन्हा विंडोजवर आणलं. बाहेरचा जोड गेला. दारापासून त्याच्या खुर्चीपर्यंत मात्र ओली पावलं उमटली होती, परत गेलेलं एकही नव्हतं.

पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डबा आनलाय, मालक."