मोहिद्दीनची पजेरो

"हळू! आरशांना बोट लावू नकोस!" मुरलीधर ओरडला. भेट अजून धड मोहिद्दीनच्या हातात पडलीही नव्हती.

मोहिद्दीनने पारदर्शक पेटी टेबलावर ठेवली. आत वीतभर लांबीची पजेरो. त्याचीच. तोच मरून रंग, मागच्या बंपरवर डावीकडे तोच ओरखडा, टपावर तोच वाकडा कॅरियर. आतल्या आरशाला दोऱ्याएवढी तसबीहची जपमाळसुद्धा लटकत होती. नंबरप्लेट वाचायला चष्मा लागत होता, पण नंबर बरोबर होता.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्या फॅब्रिकेशन कंपनीत ही रीतच पडली होती. माणूस कायमचा निघाला की त्याला त्याच्याच गाडीचं छोटं मॉडेल द्यायचं, आणि ते मुरलीधरने बनवायचं. किटचे सुटे भाग चिकटवणं कुणालाही जमतं. मुरलीधर समोरच्याची गाडी हुबेहूब उतरवायचा, अगदी पोचे-ओरखड्यांसकट. पर्चेसमध्ये त्याने इतकी वर्षं काढली, पण तिथलं त्याचं एकही काम कुणाच्या लक्षात नव्हतं. गाड्या मात्र नाशिकपासून मनिलापर्यंत लोकांच्या शोकेसमध्ये होत्या. सहकारी निघाला की मुरलीधरला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं टाळ्या संपेपर्यंत थांबायला तयार असायचं.

पँट्रीत केक कापून झाला. एचआरमधला रोनित, इथेच लहानाचा मोठा झालेला, म्हणाला, "अंकल, दिस इज युअर बेस्ट वन!" लोकांनी मोबाइल काढले. फोटोत गाडी मध्ये आली आणि मोहिद्दीन कडेला गेला.

मोहिद्दीन हसलासुद्धा. सोमवारी त्याला पत्र मिळालं होतं. प्रोजेक्ट संपला, त्याच्याबरोबर तुमची जागाही संपली, खलास. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिकडे दाभोळला त्याच्या बायकोने, मरियमबीने, शाळेतली नोकरी सोडली होती. दोन्ही पोरांचे, रुहानचे आणि नबिलाचे, शाळेचे दाखले काढून झाले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच सगळे एका छपराखाली राहणार होते. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटचे पडदे नबिलाने व्हिडिओ कॉलवर निवडले होते. आता पडदे परत करता आले असते. शाळेने मात्र मरियमबीच्या जागेवर दुसऱ्या बाई घेतल्या होत्या.

हे सगळं करण्याआधी मोहिद्दीनने एकाच माणसाला विचारलं होतं. मुरलीधर चिपळूणचा, म्हणजे इथल्या हिशोबाने सख्खा भाऊच.

"मुरली, तू सगळ्यांत उठतोस-बसतोस. ऑफिसात काही कुजबुज आहे काय रे? बोलवू ना पोरांना?"

"बोलव की! किती वर्षं मेसचं खाणार? इन्शाल्ला, सगळं व्यवस्थित होईल."

इन्शाल्ला म्हणायला मुरलीधर त्याच्याकडूनच शिकला होता.

पत्र आलं त्या दिवशी सगळ्यांत जास्त हळहळलाही मुरलीधरच. "आईशप्पथ, मला धक्काच बसला रे," असं तो चारचौघांत म्हणाला होता. चारचौघांत म्हटलं की ते आपल्या नावावर जमा होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"काय चमकतेय!" अकाउंट्समधली सान्वी पेटीवर वाकली. "मुरलीधर सर, हे कसं करता? एकदा स्प्रे मारला की झालं ना?"

मुरलीधरला काहीही विचारावं, हे विचारू नये.

"झालं? अगं, स्प्रे मारल्यावर सुरुवात होते! आधी प्रायमर. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग रंगाचे पातळ हात, एकावर एक. प्रत्येक हातानंतर ओल्या पॉलिश पेपरने घासायचं. मग लॅकर. लॅकर काही आपल्या बापाचा नोकर नाही, तो त्याच्या मनाने सुकतो. घाई केलीस की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. त्यात हा कॅरियर बाजारात मिळत नाही, तार वाकवून सोल्डर केलाय. तसबीहचा एकेक मणी सुईवर धरून रंगवलाय. महिन्याच्या आत अशी गाडी कुणी करून दाखवली ना, तर मी किटं कचऱ्यात टाकीन!"

सान्वीने टाळी वाजवायला हात उचलले. ते तसेच राहिले. रोनितने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"महिना," मोहिद्दीन म्हणाला. तो अजून पेटीकडेच बघत होता. मग त्याने मासळीबाजारात भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "मुरली, मी तुला मरियमबीचं नि पोरांचं विचारलं, तेव्हा ही गाडी कुठवर आली होती रे?"

मुरलीधरकडे कारणं होती. एचआरने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, त्याला स्वतःची नोकरी होती, त्याचीही पोरं होती. त्यातलं कुठलंही एक दिलं असतं तर लोकांनी घेतलं असतं, सुटकेचा श्वास सोडून घेतलं असतं. पण मुरलीधर मनापासून आठवत होता.

"दारांचा रंग झाला होता," तो म्हणाला. "टप राहिला होता."

मोहिद्दीनने नुसतं वर पाहिलं. तो असा का बघतोय, ते मुरलीधरला खरोखरच कळेना. उलट त्याला थोडं लागलंच.

"अरे, असं काय बघतोस? तेव्हाच सांगितलं असतं, तर आज सरप्राइज काय राहिलं असतं?"