उत्तरेची रेघ

"उद्या तुमचा शेवटचाच सामना ना, कोच? मग आज तरी रेघा दुसऱ्या कुणाला आखू द्यायच्या," रॉय टेसारिक म्हणाला.

कोच आमुंडसन नुसते हसले. चुन्याची गाडी ढकलत ते मैदानाच्या उत्तर टोकाकडे चालले होते. मागे पांढरी रेघ सरळ उमटत होती.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या लहानशा कॉलेजात, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक तेच, बस चालवणारेही तेच. इतर कामं ते अधूनमधून कुणावर तरी सोपवत. रेघा मात्र दर शुक्रवारी स्वतःच आखत. गावाला त्यांच्या या साधेपणाचं फार कौतुक होतं.

उद्या मध्यंतरात मैदानाला त्यांचं नाव दिलं जाणार होतं. सोमवारी गवत उपटून कृत्रिम हिरवळ अंथरायची होती. तिच्या मोजणीला रॉयच हवा, असा हट्ट कोचनी धरला, तेव्हा सगळे चकित झाले.

कारण रॉय आता जमिनीची मोजणी करत असला, तरी तो पलीकडच्या डेकर कॉलेजचा जुना खेळाडू. कित्येक वर्षांपूर्वी याच मैदानावर, अजिंक्यपदाच्या सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी, चेंडू छातीशी धरून तो उत्तरेच्या रेघेकडे झेपावला होता. कोचच्या पोरांनी त्याला फूटभर अलीकडे पाडलं. रेघ ओलांडली असती तर डेकर जिंकलं असतं आणि कोचची नोकरी त्याच आठवड्यात गेली असती. ती राहिली. पुढची सगळी कारकीर्द त्या फुटावर उभी होती.

कोचची बायको व्हर्ना कॉफी आणि आंबटगोड रुबार्बच्या वड्या घेऊन बाकावर बसली होती.

"खा रे, अजून घे. लाजू नकोस."

"आमचा दुकानदार अजून म्हणतो," रॉय वडी उचलत म्हणाला, "रॉय, पैसे नीट गल्ल्यावर ठेव, तुझे फूटभर अलीकडेच राहतात."

"मेल्याला दुसरा विनोद सुचत नाही का?"

"त्याचं काय घेऊन बसलात! मुलीच्या लग्नात पाद्री म्हणाले, मुलीला वेदीपर्यंत पोचव हो रॉय, फूटभर अलीकडे सोडू नकोस. सगळं चर्च हसलं. मुलगीसुद्धा."

तो स्वतःही हसला. व्हर्नाही हसली. कोच हसले नाहीत.

रॉयने तिपाईवर मोजणीचं यंत्र चढवलं आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना फिरून आला. उत्तरेकडे गुडघ्यावर बसून त्याने गवत खरवडलं. परत आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी होती.

"कोच, मैदान बांधताना ठोकलेल्या लोखंडी खुंट्या दोन्ही टोकांना सापडल्या. उत्तरेची तुमची रेघ तिथल्या खुंटीपासून एक यार्ड, पुरे तीन फूट, आत आहे."

"माहीत आहे," कोच म्हणाले. "बस जरा."

रॉय बसला.

"तू पडलास त्या वर्षापर्यंत रेघा आमचा माळी आखायचा, म्हातारा हाल्व्हर. त्या हंगामानंतर तो घरी बसला. जाताना चुन्याची गाडी आणि मोजायची फीत माझ्या हातात दिली. शंभर यार्डांची पोलादी फीत. मैदानही शंभर यार्डांचंच हवं. मी दक्षिणेकडून फीत ताणत आलो, तर फीत संपली आणि हाल्व्हरची रेघ अजून एक यार्ड पुढे."

व्हर्नाने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे मैदान यार्डभर जास्त लांब होतं, रॉय. तू फूटभर अलीकडे नव्हतास. बरोबर मापाच्या मैदानात तू रेघेच्या पार गेला असतास. मी रेघ गुपचूप आत घेतली आणि तोंड मिटून बसलो. तेव्हापासून ही गाडी कुणाच्या हाती दिली नाही."

रोजच्या सायंप्रार्थनेत क्षमा मागायची ओळ आली की नवऱ्याचा आवाज थांबतो, हे व्हर्नाला कित्येक वर्षं ठाऊक होतं. तिने कधी विचारलं नव्हतं. ती ओळ ती दोघांच्या वतीने म्हणत असे.

"उद्या मध्यंतरात माइकवर हेच सांगणार आहे," कोच म्हणाले. "मैदानाला माझं नाव नको. द्यायचंच तर तुझं द्यावं. पण आधी तुला सांगायचं होतं. तू स्वतः मोजावंस, असं वाटत होतं."

दुकानदार, पाद्री, हसणारं चर्च, सगळं रॉयच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. त्याचा चेहरा एकदम तरुण दिसला.

मग सवयीने त्याने हात पुढे केला.

"ती फीत आहे अजून?"

"तीच वापरतो. गाडीच्या खणात आहे."

रॉयने रीळ मांडीवर घेतलं. फितीच्या तोंडाशी पितळी कडी होती, तिच्याभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्याने पट्टी सोडवली, पुढचा गंज अंगठ्याने पुसला. पुसट आकडा दिसला. त्याने तो दोनदा पाहिला आणि रीळ हळूच बाकावर ठेवलं.

"कडी नवीन बसवली आहे, फीत तीन फुटांच्या आकड्यापासूनच सुरू होते," तो म्हणाला. "जुनी तुटली असणार. हाल्व्हरने पुढचे तीन फूट कापले आणि मागे ही ठोकली. त्याला ते ठाऊक होतं, तो तेवढं धरून मोजायचा. तुम्हाला सांगायला विसरला."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही खुंट्यांमध्ये बरोबर शंभर यार्ड आहेत, कोच. मघाशीच यंत्राने मोजलं, पण तुमचं ऐकून क्षणभर यंत्रावरच शंका आली. हाल्व्हरची रेघ बरोबर होती. त्या दिवशी मी खरोखरच फूटभर अलीकडे पडलो होतो."

कोचनी डोळे मिटले. व्हर्नाने त्यांचा हात हातात घेतला. त्यांचे ओठ हलत होते. राहून गेलेली ती ओळ आता म्हणायची की सोडायची, हे त्यांना कळेना.

रॉयने ताज्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या खुंटीकडे.

"त्यानंतर जिंकलात ते सामने मात्र," तो हलकेच म्हणाला, "इथे सगळे नव्व्याण्णव यार्डांवरच झाले."